पोटाला किलो, डोक्याला तारीख

मुंबईचे पदपथवासी पदपथावर का राहतात? सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी याचे साधे उत्तर मान्य केले: काम तिथून जवळ असते म्हणून. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी या लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली होती. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने म्हटले की, उपजीविका हिरावली तर जगणेच हिरावले जाते. म्हणून राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो.

या निकालाचा एवढाच भाग नेहमी सांगितला जातो. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पावसाळा संपेपर्यंत मुदत मिळाली आणि १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले गेले. निवाऱ्याच्या प्रश्नात तारीख शिरली ती अशी. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात हीच तारीख १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० झाली. गरज किती आहे, यापेक्षा ‘तुम्ही कधीपासून इथे आहात’ हा प्रश्न मोठा ठरला.

अन्नाच्या हक्काची वाट वेगळी. २००१ साली सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती आणि दुष्काळी भागांत माणसे उपाशी होती. ही विसंगती दाखवणारी याचिका न्यायालयात आली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळेतील शिजवलेल्या जेवणासारख्या योजना हक्क बनल्या. २०१३ च्या कायद्याने तर माप ठरवून दिले: माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. मोजता येते ते मागता येते. दुकानदाराने ४ किलो दिले तर १ किलो कमी मिळाले, हे निरक्षर बाईही सांगू शकते. निवाऱ्याच्या हक्काला असे सर्वांसाठीचे माप मिळालेले नाही.

तरीही या दोन वाटा पुन्हा एकत्र येतात. अन्नहक्काच्या याच खटल्यात २०१० मध्ये शहरी बेघरांचा प्रश्न उभा राहिला; उपाशी शरीर थंडीत टिकत नाही, हे त्यामागचे कारण. मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह, असे आदेश त्यातून आले.

उलट बाजूही पाहावी. शिधापत्रिका काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्याचे हक्काचे ५ किलोही अडकतात. शिवाय लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली असल्याने अन्नाच्या हक्कातही तारीख लपलेली आहेच.

म्हणून आपण मागणी करताना दोन गोष्टी धराव्यात. निवाऱ्याला माप मिळावे: माणशी किती जागा, कामापासून किती अंतरावर. आणि दोन्ही हक्कांतून तारीख जावी. भूक आणि पाऊस कोणाला ‘तुम्ही कधी आलात’ असे विचारत नाहीत.