आढ्याला टांगलेला काटा

२०२५च्या २ ऑक्टोबरला अंगणवाडीने पन्नाशी गाठली. त्याच आठवड्यात मी गावातल्या अंगणवाडीत डोकावलो. सेविकाताई एका बाईसमोर मोबाइल धरून, 'डोळे मिचकव गं,' म्हणत होत्या. त्या वर्षीच्या १ जुलैपासून मोबाइलवर चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार नाही. चेहरा काही जुळेना. कडेवरचं पोर पाकिटाकडे हात करत होतं.

१९७५ साली देशात ३३ ठिकाणी अंगणवाडीची योजना सुरू झाली. पहिली पंचवीस वर्षं मी उडी मारून ओलांडतो. सुकडी, फिती, गळकी छपरं. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी खळबळ उडाली, समित्या बसल्या आणि उठल्या.

माझं दशक त्यानंतरचं. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयाने पोषण आहार हा हक्क ठरवला. मी तेव्हा वार्ताहर होतो. 'खिचडीवर किती लिहिणार?' असं आमचे संपादक विचारायचे. अग्रलेखात ते या साऱ्याला खिरापत म्हणत, आणि दिवाळी अंकात कुपोषणावर हळवे होत.

२००५ साली औरंगाबादेत कुपोषण हटवायला राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. खरं वजन लिहा, एवढाच त्याचा हट्ट. तोवर तीव्र कुपोषणाच्या श्रेणी ३ आणि ४चे रकाने कागदावर कसे रिकामे असत, ते मी पाहिलं होतं. आता काटा आढ्याला टांगला जाई. पोर झोळीत बोंबलायचं, काटा थरथरायचा आणि ताई दटावायच्या, 'रडं थांबल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही.' वाढीच्या तक्त्यावर ठिपका धोक्याच्या पट्ट्यात पडला की संध्याकाळी त्या त्या पोराच्या चुलीपाशी बसलेल्या असत. आई शेतावरून कधी येते, भरवतं कोण, सारं विचारत.

महाराष्ट्रात दोन वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं. २०१२च्या पाहणीत ते पंचविशीच्या खाली आलं. श्रेय एकट्या मिशनचं नव्हे. पण संपादकांना मी तो आकडा आवर्जून पाठवला. उत्तर आलं नाही.

पुढे गाडी रुतली. पाच वर्षांखालची खुरटी मुलं २०१५-१६ला ३४.४ टक्के, २०१९-२१ला ३५.२. ताईंच्या हातात मोबाइल आला. मानधनाचा मात्र पगार झाला नाही. २०१७ला त्या संपावर गेल्या, डिसेंबर २०२३ पासून पुन्हा, पन्नासहून जास्त दिवस. त्या दिवसांच्या वजनांच्या रकान्यात काय भरलंय, ते एकदा बघायचंय मला.