ओव्याच्या तेलात काय काय असतं

गंगाखेडच्या बाजारातला ओवा खलबत्त्यात कुटला की वास घरभर होतो. आपण ज्याला दाणा म्हणतो, ते त्या झाडाचं इवलंसं फळ. त्याच्या सालीत उभ्या तैलनलिका असतात; कुटताना त्या फुटतात. पूड मात्र बारीक करायची नाही, नाहीतर कुटतानाच बरंच तेल उडून जातं.

ओव्यातून तेल काढण्याचं काम इथल्या एका प्रयोगशाळेत शेजारी बसून पाहिलं. गोल बुडाच्या चंबूत शंभर ग्रॅम जाडसर ओवा, लिटरभर पाणी आणि माथ्यावर क्लेव्हेंजरचं काचेचं उपकरण, १९२८ पासून चालत आलेलं. वाफेबरोबर तेल वर चढतं, कंडेन्सरमध्ये थंड होतं आणि खुणांच्या नळीत उतरतं. तेल हलकं म्हणून वर तरंगतं, पाणी पुन्हा चंबूत जातं. तीन तासांनी नळीत जेमतेम तीन मिलिलिटर पिवळसर तेल होतं. ओव्याच्या मानानं हे चांगलंच. कितीतरी पानांतून याच्या दहाव्या हिश्श्याएवढंही निघत नाही.

खरी गंमत पुढे आहे. या तेलात कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण घालून हलवलं. तेलातलं थायमॉल हे फिनॉलच्या कुळातलं, ते सोड्याबरोबर खालच्या पाण्यात उतरलं. तेलातले बाकीचे घटक, गॅमा-टर्पिनीन आणि पॅरा-सायमीन, वरच राहिले. खालचा थर काढून त्यात आम्ल थेंब थेंब सोडलं, तसं पाणी दुधाळ झालं आणि बर्फात ठेवल्यावर पांढरे स्फटिक धरले. काष्ठौषधीच्या दुकानातलं ओव्याचं फूल ते हेच. कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर एका बाटलीत ठेवलं की तिन्ही घन पदार्थ आपोआप पाघळतात. घरोघरची अमृतधारा अशीच होते. पहिल्या महायुद्धाआधी जर्मन कारखाने हिंदुस्थानातला ओवा नेऊन त्यातून थायमॉल काढत. हुकवर्मवर तेव्हा ते मोठं औषध होतं.

तेलात कोणता घटक किती, हे जीसी-एमएस यंत्र घटक वेगळे करून, त्यांचं वजन पाहून आलेखावर सांगतं. पण थायमॉलचा रेणुभार १५० आणि त्याचा भाऊ कार्व्हाक्रॉल याचाही १५०. नुसत्या वजनावरून दोघं ओळखू येत नाहीत. यंत्राच्या नळीतून कोण कधी बाहेर पडलं, ते पाहावंच लागतं.

या तेलाची जंतूंवरची परीक्षा दिसायला सोपी. आगरच्या बशीवर जंतू पसरायचे, तेलात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती मधोमध ठेवायची, ३७ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. थायमॉल जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतं आणि आतलं द्रव्य बाहेर झिरपतं. पण तेल पाण्यात नीट मिसळत नाही, आगरमध्येही सारखं पसरत नाही. म्हणून वर्तुळाच्या मापावरून दोन तेलांची तुलना करण्याची घाई मला पटत नाही. द्रवात पातळ करत करत, कितव्या पायरीपर्यंत वाढ थांबते ते पाहणं जास्त भरवशाचं. बशीतलं वर्तुळ पाहून पोटातल्या दुखण्याचा निकाल देणं तर त्याहून धोक्याचं. शुद्ध तेल तोंडात भाजतं, पोटालाही सोसत नाही.

सायमीनला मी फालतू समजत नाही. ते एकटं जंतूंना फारसं मारत नाही, पण त्यांचं आवरण फुगवून कार्व्हाक्रॉलला वाट करून देतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय तेल हवेत जुनं झालं की त्यातलं टर्पिनीन हळूहळू सायमीन होतं. म्हणजे ‘ओव्याचं तेल’ एवढं लिहून भागत नाही. ओवा कुठला, काढणी कधीची, तेल किती दिवस कशा बाटलीत होतं, हे सगळं यंत्राच्या आलेखाशेजारी लिहिलेलं हवं. गंगाखेडच्या या बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत ते लिहून घेतलं, आणि त्याच पोत्यातला उरलेला ओवा वर्षानंतर पुन्हा गाळण्यासाठी डब्यात बंद केला.