फडाचे पाणी आणि समूहाचे मन

सर्वांच्या मालकीची वस्तू कोणीच जपत नाही, हा समज जुना असला तरी त्याला गाजलेले शास्त्रीय रूप दिले ते अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी, १९६८ साली. गायरानात आणखी एक जनावर सोडले तर त्याचा फायदा एकट्या गुराख्याला मिळतो आणि चराई वाढल्याचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जातो. त्यामुळे प्रत्येक जण जनावरे वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होते, अशी त्यांची मांडणी होती. ‘सामाईक संपत्तीची शोकांतिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मांडणीतला गुराखी एकटा आहे. शेजाऱ्याशी बोलणे, त्याच्याबरोबर नियम ठरवणे आणि मोडणाऱ्याला जाब विचारणे, यांपैकी काहीच तो करत नाही. गावात राहणारा माणूस असा नसतो, आणि धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धत हा त्याचा ठसठशीत पुरावा आहे.

पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक पिढ्या चालत आलेल्या या पद्धतीत नदीला बंधारा घालून पाणी कालव्यात वळवले जाते, कालव्यातून ते चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात पोहोचते. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे साधारणपणे तीन-चार मोठे भाग केलेले असतात. त्या प्रत्येक भागाला ‘फड’ म्हणतात. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पिकांचा फेर दरवर्षी बदलायचा, हा मुख्य नियम आहे. पाणी शेतकरी स्वतः फोडून घेत नाही. गावाने नेमलेला पाटकरी ते क्रमाने देतो, जागल्या पिकाची राखण करतो, त्यांच्या कामावर हवालदाराची देखरेख असते आणि तंटा उद्भवल्यास पंच निवाडा देतात.

या रचनेचे मर्म जमिनीच्या वाटणीत आहे. एकाच शेतकऱ्याची जमीन सहसा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते, त्यामुळे नदीला पाणी कमी आले आणि पंचांनी एखादा फड कोरडा ठेवण्याचे ठरवले, तर तोटा एका कुटुंबावर न पडता थोडाथोडा सर्वांवर पडतो. फडभर एकच पीक असल्याने पाण्याच्या पाळ्याही सर्वांना सारख्याच लागतात. शेजाऱ्याच्या पिकाला आज पाणी हवे आणि आपल्या पिकाला चार दिवसांनी, अशी ओढाताण होत नाही आणि चोरून पाणी घेण्याचा मोहही कमी होतो. माझे पीक कोणते, हा एरवी पूर्णपणे वैयक्तिक असणारा निर्णय येथे फडाचा होतो आणि शेतकरी तो मान्य करतो, कारण शेजारीही त्याच नियमाने बांधलेला आहे, याची त्याला खात्री असते.

अशाच व्यवस्थांचा जगभर अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली दाखवून दिले की समूहाची हद्द स्पष्ट असेल, नियम ठरवण्यात वापरकर्त्यांचा वाटा असेल, देखरेख जवळच्या माणसांची असेल आणि शिक्षा चुकीच्या प्रमाणात वाढत जाणारी असेल, तर सामाईक संपत्ती दीर्घकाळ टिकते. या कार्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले; ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

तथापि, ज्या हद्दीमुळे आतल्यांत विश्वास निर्माण होतो, तीच हद्द बाहेरच्यांना परके ठरवते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवर केलेले आणि १९७० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली, एवढ्या क्षुल्लक कारणावरून आपले गट पडले आहेत, असे मुलांना सांगण्यात आले आणि मग इतरांना पैसे वाटून देण्यास सांगितले गेले. स्वतःच्या पदरात काहीच पडणार नसताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर वाढले पाहिजे, असाही त्यांचा कल दिसला.

फडातही पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला होता, म्हणजे भूमिहीन माणूस हद्दीबाहेरच राहिला. ही उणीव ओळखून १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा वाटा कुटुंबातील माणसे मोजून, माणशी अर्धा एकर भिजेल इतका ठरवण्यात आला. भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क देण्यात आला, जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे, आणि भरमसाट पाणी पिणाऱ्या उसाला मनाई होती. समूहाची शिस्त कायम ठेवून त्याची हद्द रुंदावता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

नद्यांवर वरच्या अंगाला झालेली धरणे, विहिरी आणि पंप यांमुळे आज अनेक फड मोडकळीस आले आहेत. ज्याच्याकडे स्वतःचा पंप आहे, त्याला पाटकऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि शेजाऱ्याची गरजही वाटेनाशी होते. परंतु विहिरींत येणारे पाणी जमिनीखाली सामाईकच असते. ते टिकवायचे असेल तर गावाला पुन्हा एकत्र बसून पीक ठरवावे लागेल, आणि त्या बैठकीत ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यालाही जागा द्यावी लागेल.