सातबाऱ्याबाहेरची शेतकरी

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशाच्या किनाऱ्यावर धडकलेल्या चक्रीवादळाने सुमारे १ लाख ३८ हजार जणांचे बळी घेतले. मृतांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होते. धोक्याचा इशारा बाजारपेठेत आणि चौकात, म्हणजे जेथे पुरुष जमतात तेथे पोहोचला. घरातील स्त्री मुलाबाळांना आणि गुराढोरांना सोडून, घरधन्याच्या संमतीवाचून बाहेर पडू शकली नाही. जेथे निवारे होते, तेथेही परपुरुषांच्या गर्दीत, शौचालयाची स्वतंत्र सोय नसताना, रात्र काढण्याची अनेकींची तयारी नव्हती.

या अनुभवातून तो देश शिकला. निवाऱ्यांची संख्या वाढवण्यात आली, नव्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा आणि शौचालये आली. १९७२ पासून चाललेल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात महिला स्वयंसेवकांची भरती वाढली. आज त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. घरोघरी जाऊन स्त्रीनेच स्त्रीला इशारा दिला की तो ऐकला जातो, हे त्यामागील साधे तत्त्व होय. २००७ च्या 'सिडर' वादळात सुमारे ३,४०० जण दगावले. हा आकडाही लहान नाही. परंतु १९९१ शी तुलना करता फरक स्पष्ट आहे. सुधारलेला अंदाज, बंधारे आणि निवारे यांचा त्यात मोठा वाटा आहे. मात्र इशारा शेवटच्या घरातील शेवटच्या व्यक्तीपर्यंत पोहोचला नाही, तर अचूक अंदाजाचाही उपयोग होत नाही.

हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कार्यात लिंगभाव आणि सामाजिक समावेशाचा आग्रह का धरला जातो, याचे उत्तर येथे आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमातही अनुकूलनाचे काम लिंगभावाचे भान ठेवणारे, सहभागाचे आणि दुर्बल घटकांचा विचार करणारे असावे, असे म्हटले आहे. प्रश्न आहे तो हे शब्द गावापर्यंत कसे उतरतात, हा.

महाराष्ट्रात हा प्रश्न सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी येऊन थांबतो. ग्रामीण भारतातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे तीनचतुर्थांश शेतीत राबतात. परंतु २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. अवकाळी पावसाने पीक गेले की पंचनामा होतो तो उताऱ्यावरील नावाने. नुकसानभरपाई, पीककर्ज, ठिबकचे अनुदान यांचा मार्गही तेथूनच जातो. पेरणी, खुरपणी आणि काढणी करणारी बाई शासनाच्या लेखी शेतकरी ठरत नाही. शेतकरी संघटनेने चालवलेल्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेनंतर १९९२ मध्ये राज्य शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यास प्रोत्साहन दिले. वारसा कायद्यात राज्याने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून मुलीला समान हक्क दिला. कायदा झाला, तरी माहेरी हक्क मागणारी मुलगी आजही भावाशी नाते तुटण्याची भीती बाळगते.

तरीही मार्ग निघतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिलांचे संघटन उभे केले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिने एकरभर शेतीची कल्पना रुजवली. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने आपल्या निर्णयाने करायचा. त्यात सोयाबीन, ऊस अशा एकाच नगदी पिकाऐवजी भाजीपाला, कडधान्ये आणि तृणधान्ये, तीही कमी पाण्यावर आणि सेंद्रिय खतावर घ्यायची. पाऊस दगा देवो वा बाजारभाव पडो, घरातील ताटात काही तरी राहावे, हा हेतू. या कामास २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. येथे काय पेरायचे हे बाईने ठरवले, आणि त्यामुळेच कोरड्या वर्षी जोखीम विभागली गेली.

अर्थात एकर देण्यासाठी आधी जमीन हवी. भूमिहीन मजूर, खंडाने जमीन करणारी कुटुंबे, परित्यक्ता, गावठाणाबाहेरच्या दलित आणि पारधी वस्त्या यांच्यापाशी तीही नाही. म्हणून 'महिला' हा एकच रकाना भरून समावेश होत नाही. पाणलोट समितीत बायकांची नावे असली, तरी बैठक सांजेला स्वयंपाकाच्या वेळी भरत असेल, तर सही होते. मत विचारले जात नाही. टँकर कोठे थांबतो, शेततळ्याचे पाणी कोणाच्या रानात जाते, हंगामात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे नाव लाभार्थी यादीत राहते की नाही, हे प्रश्न योजना आखतानाच विचारावे लागतात.

यात दया दाखवण्याचा भाग नाही. टंचाईत पाण्यासाठी सर्वाधिक पायपीट ज्यांना करावी लागते, त्यांनाच आड कधी आटला आणि कोणते बियाणे तग धरते, याची माहिती सर्वांत आधी असते. त्यांना वगळून आखलेली योजना अपुऱ्या माहितीवर उभी असते. आणि तिची किंमत पुढच्या दुष्काळात तीच माणसे मोजतात.