अ‍ॅलर्जीतज्ज्ञ : शिक्षण आणि कार्यक्षेत्र

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली वैद्यकाला दिला. आज तो घरोघरी इतका रुळला आहे की शिंका, खाज, अपचन अशा कोणत्याही तक्रारीचे खापर त्याच्यावर फोडले जाते. अंगावर गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि आमसुलाचे पाणी लावतो. या नावामुळेच पोटाचे औषध घेत बसलेले रुग्ण पुष्कळ आढळतात. खरी अ‍ॅलर्जी कोणती आणि तिच्यासारखे केवळ भासते ते कोणते, याचा निवाडा हे या तज्ज्ञाचे पहिले काम होय.

त्याच्या शिक्षणाची वाट लांबची आहे. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे झाल्यावर या विषयाची खरी सुरुवात होते. अमेरिकेत १९७१ साली या शाखेचे स्वतंत्र परीक्षा मंडळ स्थापन झाले. तेथे पदव्युत्तर शिक्षणानंतर आणखी दोन वर्षे केवळ याच विषयाला द्यावी लागतात. आपल्याकडे छातीचे विकार, बालरोग, त्वचारोग किंवा कान-नाक-घसा या विषयांतून इकडे वळणारे डॉक्टरच अधिक. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छातीरोग संस्थेने श्वसनमार्गाच्या अ‍ॅलर्जीचे वर्ग चालविले आहेत. लखनौच्या संजय गांधी संस्थेत प्रतिकारशक्तीशास्त्राची डी.एम. पदवी मिळते, परंतु तिचा मोठा भर संधिवातावर असतो.

या शिक्षणात हाताच्या कौशल्यापेक्षा निष्कर्षाला अधिक महत्त्व आहे. कोपराखालच्या त्वचेवर धुळीतील सूक्ष्म कीटक, झुरळ, परागकण, शेंगदाणा इत्यादींच्या अर्काचे थेंब ठेवून बारीक टोचायचे आणि १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजायची, हे कोणीही शिकू शकेल. मात्र गांध उठली म्हणजे आजार आहे असे नव्हे. ती व्यक्ती त्या पदार्थाबाबत संवेदनशील आहे, एवढेच त्यातून समजते. हा भेद न समजल्यामुळे केवळ चाचणीच्या कागदावर विसंबून वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, अंडी, डाळी एकदम बंद केली जातात आणि मूल अकारण खंगते. अशा वेळी रुग्णालयाच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवीत देऊन पाहणे, हाच खात्रीचा मार्ग असतो. ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा जुना शिक्का बसलेल्यांचीही अशीच फेरतपासणी करता येते. बहुतेकांना ते औषध चालते असे निष्पन्न होते.

सर्वच अ‍ॅलर्जी पंधरा मिनिटांत प्रकट होत नाहीत. बिब्बा उतला म्हणजे काय होते ते जुन्या पिढीला सांगावयास नको. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास नजरेस आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवतही असेच. त्याचे कण वाऱ्याबरोबर येऊन शेतकऱ्यांच्या पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसतात व त्वचा चिघळून जाड होते. येथे टोचणीची चाचणी सहसा उपयोगी पडत नाही. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवाव्या लागतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहावी लागते. या काळात स्नान वर्ज्य असल्याने उन्हाळ्यात रुग्ण कुरकुरतात, ते स्वाभाविकच आहे.

उपचारांत कारण टाळणे, नाकात मारावयाचे फवारे, दम्यासाठी श्वासातून घ्यावयाची औषधे यांचा क्रम आधी लागतो. निवडक रुग्णांना त्याच परागकणांची वा धुळीतील कीटकांची वाढती मात्रा तीन ते पाच वर्षे दिली जाते. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात क्वचित रक्तदाब कोसळून, श्वास कोंडून जिवावर बेतते. अशा प्रसंगी मांडीच्या स्नायूत तत्काळ अ‍ॅड्रेनलिन देणे हाच तरणोपाय असतो. त्याची कुपी अगदी स्वस्त, परंतु ती देण्याची वेळ ओळखणारा प्रशिक्षित हात जवळ असावा लागतो. म्हणूनच इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवले जाते. शेवटची एस.टी. चुकेल अशी तक्रार त्यावर होते. तरीही ही सवलत कोणास देता येत नाही.