नदीकाठी नसलेल्या शहराचं पाणी

चंडीगडच्या सेक्टर 43 मधल्या आंतरराज्य बसस्थानकावर गाड्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर पंजाबच्या नद्यांचा निम्मा नकाशा उलगडतो. मनालीची गाडी बियासच्या काठाने चढते, रामपूरची सतलजच्या घळीत उतरते, चंब्याची रावीपाशी थांबते. जम्मूची गाडी गाठते ती तावी पुढे चिनाबला मिळते. अमृतसरला जाताना सतलज आणि बियास दोन्ही ओलांडाव्या लागतात. त्याच मुलखात, बियास आणि रावीच्या मधल्या दुआबात, घुमान आहे. संत नामदेवांच्या वास्तव्याने आपलं झालेलं हे गाव. 2015 साली 88वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं.

खुद्द चंडीगडला मात्र नदी नाही. पूर्वेला सुखना चो, पश्चिमेला पटियाली की राव. दोन्ही शिवालिकच्या टेकड्यांतून येणारे पावसाळी ओढे. मग लाखोंचं शहर पितं काय? भाक्रा मुख्य कालव्यातून कजौली इथे पाणी उचलतात आणि पंपांनी सेक्टर 39 च्या जलशुद्धीकरण केंद्रात आणतात. म्हणजे सेक्टर 43 च्या नळाला मुख्यतः सतलज येते, तिबेटातून शिपकी ला खिंडीजवळून भारतात आलेली.

पण ती एकटी येत नाही. 1977 पासून मंडीजवळच्या पंडोह धरणात बियासचं पाणी अडवून, प्रत्येकी 12-13 किलोमीटरच्या दोन बोगद्यांतून आणि मधल्या कालव्यातून सतलजच्या खोऱ्यात सोडलं जातं. उतारावर देहर इथे 990 मेगावॉटचं वीजघर आहे. कोयनेचं पाणी सह्याद्री फोडून वाशिष्ठीकडे उतरवणाऱ्या आपल्या मुलखाला या धाडसाचं अप्रूप वाटावं. रोहतांगचं हिमजल असं गोविंदसागर जलाशयात पोचतं आणि तिथून 226 मीटर उंचीच्या भाक्रा धरणाखाली येतं. 1963 साली नेहरूंनी हे धरण राष्ट्राला अर्पण केलं. पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या गव्हा-भाताला त्याने पाणी दिलं. सतलज-बियासच्या संगमाखालच्या हरिके बंधाऱ्यातून निघालेला कालवा तर थेट थरच्या वाळवंटात गेला. 1960 च्या सिंधू पाणीवाटप करारात रावी, बियास, सतलज या तिन्ही नद्या भारताच्या वाट्याला आल्या, तो या साऱ्याचा पाया.

याची किंमत वरच्या माणसांनी मोजली. जुनं बिलासपूर गोविंदसागरात बुडालं. बियासवरच्या पोंग धरणाच्या विस्थापितांना राजस्थानात जमिनी देण्याचं ठरलं, आणि त्यांचे दावे दशकानुदशकं लोंबकळत राहिले. खाली पंजाब-हरियाणाचा तंटाही मिटला नाही: 1982 साली कपूरी इथे सुरू झालेला सतलज-यमुना जोडकालवा अजून अपुराच आहे. कृष्णेचे लवाद पाहिलेल्या मराठी वाचकाला हे दुखणं सांगायला नको.

मला अधिक मोलाचा वाटतो तो शहराच्या उशाशी झालेला एक छोटा प्रयोग. 1958 साली सुखना चो अडवून तलाव केला आणि शिवालिकची भुसभुशीत माती त्यात भरू लागली. गाळाचा माग काढत तज्ज्ञ सुखोमाजरी या गावी पोचले. उघड्या टेकड्यांवर गुरं चरत होती, माती वाहून येत होती. 1970 च्या दशकात त्यांच्यापैकी पी. आर. मिश्रा यांनी तिथे मातीचे छोटे बंधारे घातले. साठलेल्या पाण्यात प्रत्येक घराला, अगदी भूमिहीनालाही, वाटा ठरला. बदल्यात गावाने टेकडीवरची चराई स्वतःहून थांबवली. भाबर गवत वाढलं, ते विकून पैसा आला, शेताला पाणी मिळालं आणि टेकड्यांवरून येणारा गाळ कमी झाला. राळेगणसिद्धीत माथा ते पायथा काम सुरू झालं तेही याच सुमारास.

सुखना चोचं पाणी पुढे घग्गरला मिळतं. हिमाचलात उगम पावणारी ही नदी हरियाणा-पंजाबातून वाहत राजस्थानात, हडप्पाकालीन कालीबंगनच्या मुलखात, वाळूत जिरते. जुलै 2023 च्या पावसात सुखनाचे दरवाजे उघडावे लागले आणि खाली घग्गरकाठची शेतं पाण्याखाली गेली. मार्च 2020 मध्ये उच्च न्यायालयाने सुखना तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला. त्या दर्जाला खरा अर्थ येण्यासाठी सुखोमाजरीसारखा वाट्याचा करार पाणलोटातल्या प्रत्येक गावाशी व्हायला हवा.