कळांवरचा उतारा मागावा की नाही?

७ एप्रिल १८५३ रोजी डॉ. जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला. रुमालावर एका वेळी जेमतेम एक मिलीलीटर, तोही कळ येईल तेव्हाच. असं ५३ मिनिटं चाललं. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे कळा देणाऱ्या बाईला ‘सगळ्यांनीच सोसलंय, तूही सोस’ हेच ऐकावं लागतं. मुतखड्याने कळवळणाऱ्या माणसाला असं कोणी ऐकवत नाही.

आज सर्वांत प्रभावी उपाय आहे एपिड्युरलचा. गर्भाशयाच्या कळांचे संदेश सुरुवातीला छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत शिरतात. बाळ खाली सरकलं की माकडहाडाजवळचे मज्जातंतूही त्यात सामील होतात. भूलतज्ज्ञ कमरेची जागा आधी बधिर करतात. मग दोन मणक्यांमधून सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत केसासारखी बारीक नळी सोडतात. सुई लगेच निघते, नळी राहते आणि तिच्यातून औषध थोडं थोडं जात राहतं. हल्ली औषध इतकं सौम्य असतं की दुखणं कमी होतं, पण पाय हलवता येतात, जोरही लावता येतो.

‘पाठीत सुई घेतली की कंबर कायमची जाते’ ही भीती घरोघरी आहे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. एपिड्युरलमुळे सिझर वाढतं, हेही खरं नाही. रक्तदाब उतरू शकतो, जोर लावण्याचा टप्पा लांबू शकतो, शंभरात एखादीचं डोकं काही दिवस फार दुखतं. हे सगळं तिला आधीच सांगायला हवं. कळा ऐन भरात असताना पुढे केलेल्या कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती, असं मी मानत नाही.

खरी अडचण भूलतज्ज्ञांची आहे. तालुक्याच्या ठिकाणी ते बहुधा सिझरपुरतेच येतात. तिथेही सोबतीला हक्काचं माणूस, चालण्याफिरण्याची मोकळीक आणि कमरेला मालिश या गोष्टी देता येतातच. निरोगी गर्भवतीने मागितल्यास एपिड्युरल द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलं. त्याच शिफारशींत सोबतीच्या माणसालाही जागा आहे.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून घ्यावं: इथे एपिड्युरल मिळतं का, खर्च किती, रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर भूलतज्ज्ञ येतील का, आणि माझ्याजवळ आत कोण थांबू शकेल?